डोहातली शिंगटी आणि भावजय

नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा गावातल्या बायांना वाटलं, मी आतून जळून गेले असणार. पाणवठ्यावर त्या माझ्याकडं टक लावून बघायच्या. कुणी मुद्दाम विचारायच्या, "दिसायला कशी हाय गं ती?" मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. सोलापुरात गिरणीच्या चाळीत सासूनं माझ्या हातात बोचकं दिलं, "चार दिवस माहेरी जाऊन ये" म्हणाली, आणि मग मला न्यायला कुणी आलं नाही. नवऱ्याच्या घरात दुसरी आल्याचं आम्हाला वळसंगच्या बाजारात कळलं. वाईट वाटलं, अपमान वाटला, रडलेही. पण मत्सर म्हणतात तो मला काही केल्या सापडला नाही. तो काय असतो हे मला कळलं ते पुढं घरात भावजय आल्यावर, आणि तेही वीतभर माशापायी.

आम्ही गुरव. सीनेच्या काठावर महादेवाचं देऊळ, देवळाला लागून आमचं दोन खणांचं घर, आणि देवळामागं नदीत उतरणारा दगडी घाट. घाटाखाली डोह. उन्हाळ्यात नदी वाळून खडखडीत व्हायची, तरी त्या डोहात पाणी असायचं. वडील, म्हणजे आप्पा, पूजा करायचे. धाकटा भाऊ घरोघर बेल टाकायचा, लग्नकार्याला पत्रावळी पुरवायचा. आई मी सासरी असतानाच गेली होती. त्यामुळं मी परत आले तशी कोठीची किल्ली आपसूक माझ्या कमरेला आली. बलुत्याची ज्वारी किती उरली, दिव्याचं तेल कुठं ठेवलंय, हे सगळं आप्पा मलाच विचारायचे.

डोहही माझ्याकडंच आला. देवाचा नैवेद्य झाला की उरलेला भात आणि भाकरीचा चुरा माशांना घालायचा आमच्याकडं रिवाज होता. आप्पांचे गुडघे धरले, त्यांना पायऱ्या उतरवेनात, म्हणून ते काम मी धरलं. त्या डोहातला मासा गावात कुणी मारत नसे. भोईसुद्धा जाळं टाकायला बरंच खाली जायचे. मोठे मासे भर दुपारी, कुणीही चुरा टाकला तरी पाणी ढवळून काढायचे. त्यांचं मला विशेष कौतुक नव्हतं. माझा जीव जडला तो शिंगटीवर.

शिंगटी हा लहान मासा. अंगाला खवले नाहीत, बुळबुळीत. पिवळट अंगावर काळसर पट्टे आणि तोंडाभोवती लांब लांब मिशा. दिवसभर ती पायऱ्यांच्या दगडांमधल्या फटींत दडून राहते. दिवेलागणीला, पाणी काळं पडायला लागलं की फटीतून आधी मिशा बाहेर येतात, मग डोकं. भारी भित्रा जीव. पाण्यावर सावली हलली तरी परत आत. पहिल्या हिवाळ्यात मी रोज शेवटच्या पायरीवर बसून, तळहातावर चुरा घेऊन हात पाण्यात धरून ठेवायची. बोटं गारठून बधिर व्हायची. मोठे मासे येऊन चुरा पळवायचे. शिंगटी लांबूनच बघायची. थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी माझ्या करंगळीला काहीतरी मऊ लागलं. मिशांनी ती माझं बोट चाचपत होती. मी श्वास धरून बसले. तिनं चुऱ्याचा एक कण उचलला आणि गेली. दुसऱ्या संध्याकाळी दोघी-तिघी आल्या.

मग गावात बोलणं झालं, गुरवाच्या लेकीच्या हातावर शिंगटी येते. बाजाराला जाणारे लोक घरी परतताना वाट वाकडी करून घाटावर थांबायचे. वरच्या पायरीवर उभे राहून म्हणायचे, "लई नवल हाय की!" तोवर मला सगळे 'टाकलेली' म्हणून ओळखत होते. आता 'ती शिंगटीवाली' म्हणायला लागले. मला ते इतकं आवडायचं की मी सकाळपासून संध्याकाळची वाट बघायची.

अशात भावाचं लग्न झालं. मुलगी अक्कलकोटच्या पलीकडची. तिच्या माहेरी घरात कानडी, त्यामुळं मराठी बोलताना मध्येच अडायची आणि अडली की हसायची. हसणं मात्र असं की आप्पांसारखा अबोल माणूससुद्धा हसायचा. आल्यावर चार-पाच दिवसांनी ती मला म्हणाली, "वन्सं, तुमी संध्याकाळी कुटं जाता? मी बी येऊ?"

"ये की," मी म्हणाले. मनात होतं, हिला दाखवावं.

घाटावर मी तिला वर थांबायला सांगितलं. मी हात पाण्यात धरला. शिंगटी आल्या, माझ्या हातावर फिरल्या. भावजय टाळ्या पिटायच्या बेतात होती, मी डोळे वटारले तशी थांबली. मग हळूच माझ्या शेजारी येऊन बसली. पदर खोचला, हातात थोडा चुरा घेतला, हात पाण्यात सोडला आणि लहान मुलाला बोलवावं तसं कानडीत म्हणाली, "बा, बा."

आणि त्या गेल्या. माझ्या हातावरून निघून तिच्या हाताकडं गेल्या. एक नाही, सगळ्या. माझ्या तळहातावरचा चुरा तसाच भिजत राहिला.

"वन्सं, बघा की! मीनु! कशा गुदगुल्या करत्यात!" ती हसत होती. मासळीला तिच्या कानडीत मीनु म्हणतात.

मी हातावरचा चुरा पाण्यात झटकला. मी म्हणाले, "चल, आरतीची वेळ झाली." आरतीला अजून बराच वेळ होता.

मला वाटलं, एक दिवसाचा योगायोग असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी एक हिवाळा काढला होता आणि हिला नुसतं 'बा, बा' म्हणायला लागलं. मी मनाशी हजार वेळा हिशेब मांडला की शिंगटी हाताला सरावल्या त्या माझ्यामुळं. फटीतून बाहेर येऊन बाईच्या हातावर खायचं, हे मी त्यांना शिकवलं. हिनं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. पण हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, माशापायी भांडतेस होय?

आप्पांनी एकदा वरून पाहिलं आणि जेवताना म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण हाय."

माझ्या हाताबद्दल कधी असं बोलले नव्हते. माझ्याबद्दल म्हणायचे, "बसती बिचारी डोहावर, तेवढाच इरंगुळा." त्या रात्री मी जेवणावरून लवकर उठले. भाऊ म्हणाला, "आक्का, जेवली न्हाईस?" मी म्हणाले, "पोट भरलं." खरंच भरलं होतं.

आता मी ऊन कलायच्या आधीच डोहावर जायला लागले. म्हटलं, शिंगटींचं पोट आधीच भरलं की तिच्याकडं कोण जातंय. त्या उजेडी बाहेर येत नव्हत्या, तरी मी फटींच्या तोंडाशी भात सोडायची. भावजयीच्या ते लक्षात आलं. तीही लवकर यायला लागली, येताना शेंगदाण्याची पेंड घेऊन. पेंड कोठीतली. कोठीची किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे हिनं पेंड मागितली ती आप्पांकडं, आणि आप्पांनी ती माझ्याकडून घेऊन हिला दिली. मला म्हणाले होते, "गाईला पायजे." मग मीही पेंड घेतली. माझ्या हातावर मोठे मासे तुटून पडले, शिंगटी लांबच राहिल्या.

वरवर आम्ही गोड बोलायचो. ती माझी वेणी घालायची, मी तिला मराठी शब्द शिकवायची. शेजारणी म्हणायच्या, "नणंद-भावजय अशा असाव्यात." ते ऐकलं की माझ्या कानात चटका बसायचा.

एकदा ती तापानं पडली होती. मी एकटीच घाटावर होते आणि शिंगटी माझ्या हातावर आल्या. आनंद व्हायला हवा होता. पण वाटलं, ही नाही म्हणून आल्या. उद्या ती उठेल आणि ह्या परत जातील. तेवढ्यात एक मोठीशी माझ्या बोटांमध्ये शिरली आणि मी मूठ मिटली. का मिटली, सांगता येत नाही. तिला पाण्याबाहेर काढलं मात्र, ती 'कुर्र कुर्र' असा आवाज करायला लागली. माशाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या क्षणी तिच्या कल्ल्याजवळचा काटा ताठ झाला आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. मासा उसळून पाण्यात गेला. मी किंचाळले. दंडापर्यंत आग चढली.

घरी गेले तर तापात असलेली भावजय उठून बसली. हात बघितला आणि विचारलंसुद्धा नाही काय झालं. चुलीवर पाणी चढवलं, सोसवेल इतकं गरम करून त्यात माझा हात धरून ठेवला. "आमच्याकडं आसंच करत्यात," म्हणाली. "गरमानं इख उतरतं." तिचा स्वतःचा हात तापानं भाजत होता. हळूहळू ठणका उतरला. मी तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्यावर उपकार करायचाही मान हिलाच मिळावा, एवढंच तेव्हा मनात होतं. ती म्हणाली, "वन्सं, ती धरली की भ्याती. मोकळी सोडली की येती." त्या वाक्यानं तर ठणक्याहून जास्त आग झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा नवरा आला.

देवळाच्या ओसरीवर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मधल्या काळात कानशिलावर केस पांढरे झाले होते. आप्पांना म्हणाला, "मामा, झालं गेलं इसरा. हिला न्यायला आलोय."

आप्पांनी विचारलं, "आन ती?"

"हाय की. बाळंत झालीया. पण अंगात ताकद न्हाई, आईचे डोळे गेल्यात. मी पाळीवर गेलो की घरात कोण बघायला न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुझंबी घर हाय ते."

मी तेव्हा तरी पेटायला हवं होतं. सवतीचं बाळंतपण काढायला मला नेत होता, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण मला वाटलं, जावं. चाळीत का होईना, नवऱ्याच्या घरात राहीन. इथं मी कोण आहे? आप्पांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. भाऊ म्हणाला, "आक्का, जा. किती दिवस असं?" आणि भावजय तर लगेच कामाला लागली. माझी चांगली दोन लुगडी घडी घालून काढली, शिंक्यातलं तूप गाडग्यात भरलं, वाटेत खायला दशम्या केल्या. सकाळी गाडी जुंपायचं ठरलं.

दिवेलागणीला मी घाटावर गेले. शेवटचं म्हणून. उतरताना बघते तर भावजय आधीच तिथं. मी बसायची त्या पायरीवर, मी बसायची त्या जागी, एक पाय पाण्यात सोडून बसलेली. तिनं मागं वळून पाहिलं आणि हसून म्हणाली, "वन्सं, तुमी काळजी करू नगा. ह्यांचं मी बघते की."

ती खरंच मायेनं बोलली असेल. मला मात्र पुढचं सगळं दिसलं. रोज संध्याकाळी ती इथं बसणार. लोक वरच्या पायरीवर थांबणार. 'गुरवाच्या सुनेच्या हातावर शिंगटी येते' म्हणणार. कमरेला किल्ली. आणि मी सोलापुरात नळाच्या रांगेत दुसऱ्याच्या मुलाची धुणी घेऊन उभी. त्या धुण्याचंही मला तितकं काही वाटलं नाही. पण ही पायरी हिची होणार, हे मला सोसवेना.

मी तशीच वर आले. नवरा ओसरीवर पान लावत होता. मी म्हणाले, "मी येत न्हाई."

"का?"

"मला हितं काम हाय."

आप्पांनी मान वर केली. "कसलं काम?"

"माशांचं."

नवरा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं, मी चेष्टा करत नाही. "माशांपायी नवरा सोडती?" तो म्हणाला. "गावाला सांगू का असं?"

"सांगा," मी म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर त्याला ते आणखी हसण्यासारखं वाटलं असतं.

सकाळी गाडी जुंपली, तो एकटाच गेला. दशम्या भावजयीनं त्याच्या हातात दिल्या. आप्पा माझ्याशी बोलेनात. भाऊ बेल टाकायला लवकर निघून गेला. घरात आम्ही दोघीच उरलो. मी घडी घातलेली लुगडी परत पेटीत ठेवत होते, तेवढ्यात ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. हसणं नव्हतं. डोळे लाल.

"का गेला न्हाई तुमी?"

"माझी मर्जी."

"मर्जी!" तिचं मराठी भराभर यायला लागलं, रागात कुठंच अडलं नाही. "मी ह्या घरात आले, पण घर माझं हाय व्हय? मीठ पायजे तर तुमाला इचारायचं. तेल पायजे तर तुमाला. मामा हाक मारत्यात ती तुमाला. ह्यांना भाकरी वाढली तर म्हणत्यात, आक्काच्या हातची पातळ असती. रातचं बोलत्यात ते बी आक्काचंच. मी काय करायचं? एक त्या मीनु तेवढ्या माझ्या हाताला येत्यात. तितं बी तुमी माझ्या आधी जाऊन बसता!"

मी पेटीचं झाकण धरून तशीच बसले. ती माझ्यावर जळत होती. मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि माझ्या आधीपासून. तोवर माझ्या आयुष्यात कुणाला हेवा वाटावा असं माझ्याजवळ काही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक माझी कीव करायचे. ही बाई माझ्या पातळ भाकरीवर जळत होती! मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पुन्हा लुगडी उलगडून घड्या घालायला लागले.

"रडू नको," मी म्हणाले. "तुला किल्ली पायजे का?"

तिनं डोळे पुसले. माझ्याकडं संशयानं बघितलं. "आन बदल्यात?"

"संध्याकाळ माझी. घाटावर तू यायचं न्हाई."

तिनं दाराशी जाऊन घाटाकडं बघितलं. मग म्हणाली, "खाली येणार न्हाई. वरच्या पायरीवर हुबी ऱ्हायले तर?"

"वरच्या पायरीवर गावच हुबं असतं. तू बी ऱ्हा."

मी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. कंबर हलकी झाली आणि क्षणभर मला वाटलं, चूक केली. त्या संध्याकाळी मी एकटी पायरीवर बसले. शिंगटी बऱ्याच उशिरानं आल्या, पण आल्या. वर भावजय उभी होती. मी मागं वळले नाही. ती 'बा, बा' म्हणायला किती आसुसली असेल ते मला पाठीला कळत होतं. तशी संध्याकाळ मला क्वचितच मिळाली. आणि घरी गेल्यावर तिनं मीठ काढून देताना किल्ली मुद्दाम खुळखुळवली, तेव्हा माझं तोंड कडू झालं. म्हणजे फिटंफाट.

आप्पा पुढं बोलायला लागले. मीठ-तेलाचं विचारायला मात्र ते सुनेला हाक मारायचे, आणि ती हाक मारली की मी हातातलं काम टाकून ऐकायची. सवय व्हायला मला फार काळ लागला.

पहिल्या बाळंतपणाला भावजय माहेरी गेली. किल्ली परत माझ्याकडं आली, डोहही पूर्ण माझा. आप्पा मला हाक मारायचे, भाऊ भाकरी खाताना "आक्का, अशी पायजे" म्हणायचा. शिंगटी रोज हातावर यायच्या. हवं होतं ते सगळं एकदम मिळालं, आणि आठ-पंधरा दिवसांत मला संध्याकाळी घाट उतरायचा कंटाळा यायला लागला. वरच्या पायरीवर कुणीतरी बाजारकरी उभा असायचा, "लई नवल" म्हणायचा. त्याचं नवल मला पुरेना. मी मध्येच वळून वर बघायची.

अक्कलकोटकडं एक गाडीवान मिठाची पोती घेऊन जायचा. मी त्याच्याजवळ निरोप दिला, "आमच्या भावजयीला म्हणावं, कधी येतीस?"

तो परतला तेव्हा मी देवळासमोर बेल निवडत होते. गाडी न थांबवताच तो ओरडला, "मुलगी झालीया! बरं हाय समदं!"

"आन काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी सांगा म्हणावं, शिंगटी कुणाच्या हाताला येत्यात?"

मी पुढच्या फेरीला त्याच्याजवळ उत्तर धाडलं, "माझ्या. सगळ्या. रोज."

तिची आई तिला पाच महिने ठेवून घेणार होती. सव्वा महिना उलटला न उलटला तोच एका संध्याकाळी आमच्या दारात तिच्या बापाची गाडी उभी राहिली. मी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन बाहेर आले. तिनं दुपट्यातली मुलगी माझ्या हातात दिली, तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि पदर खोचत तरातरा घाटाकडं निघाली.

"अगं, वरच्या पायरीवर!" मी मागून ओरडले.